खाणीतली पहिली दोन वर्षं: वाचकांचे प्रश्न

मागच्या खेपेला बोलता बोलता मी माझ्या पहिल्या गमबुटांविषयी लिहून गेले. खाणीच्या भांडारात बायकांच्या मापाचे बूट नव्हतेच. दोन मापं मोठे बूट, आत दोन जोड मोजे, आणि चिखलातून पाय उचलला की बूट मागेच राहायचा. त्या चार ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींची आहेत. खाण कंपन्या नव्या पदवीधरांना घेऊन दोन-तीन वर्षं शिकवतात, त्या प्रशिक्षण योजनांत शिरावं का, शिरायचं कसं आणि शिरल्यावर करायचं काय, हे सगळ्यांना हवं आहे. मी स्वतः अशाच एका योजनेतून आले. पुढे 27 वर्षं भुयारी खाणींत वायुवीजनाचं, म्हणजे खाली हवा खेळती ठेवण्याचं काम केलं आणि शेवटी शेवटी नव्या प्रशिक्षणार्थींच्या वह्या तपासल्या. तेव्हा माझं सांगणं थोडं हवेच्या बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच कबूल करते.

प्रश्न: ताई, मी खाण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका मोठ्या कंपनीची दोन वर्षांची पदवीधर योजना मिळतेय: चार विभागांत सहा-सहा महिने, मार्गदर्शक, अभ्यासवर्ग, सगळं छापील. दुसरीकडे एका छोट्या भुयारी खाणीत थेट नोकरी आहे, पहिल्या दिवसापासून ज्युनिअर इंजिनिअर. घरचे म्हणतात मोठं नाव घे, कॉलेजातले सिनिअर म्हणतात छोट्या खाणीतच खरं शिकायला मिळतं. काय करू?

दोघांचंही खरं आहे, म्हणून तर तुझी पंचाईत झालीय.

दोन्हीकडे एकच प्रश्न विचार आणि उत्तर लेखी माग: पहिल्या बारा महिन्यांत मी किती पाळ्या फेसवर असेन? फेस म्हणजे जिथे प्रत्यक्ष दगड फुटतो ती जागा. हे बाकीच्या वाचकांसाठी. ऑफिस खाणीच्या तोंडाशी आहे, खिडकीतून शाफ्टवरचं, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या विहिरीवरचं चाक फिरताना दिसतं, याला खाणीत काम करणं म्हणत नाहीत. "तसं काही ठरलेलं नसतं, तुमच्या आवडीनुसार बघू," असं उत्तर आलं तर पाळ्या शून्य धर.

मी हा आकडा एवढा का धरून बसते? कारण कायदा धरून बसतो. भुयारी खाणीचा व्यवस्थापक व्हायचं तर बहुतेक खाणप्रधान देशांत सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळवायचं तर भुयारात ठरावीक काळ काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. किती महिने आणि कोणत्या कामाचे, हे देशागणिक, प्रांतागणिक बदलतं. कोळशाच्या खाणीत मिथेन असतो, म्हणून तिथलं प्रमाणपत्र बहुधा वेगळंच असतं. पण मुख्यालयात खुर्ची ऊबवलेले महिने त्यात कुणी धरत नाही. माझ्या तुकडीत एक मुलगा होता, आमच्यात सगळ्यांत हुशार. त्याच्या वाट्याला नियोजन, खर्चाचा हिशेब, पुन्हा नियोजन असे विभाग आले आणि तो खूश होता, कारण त्याचे कपडे स्वच्छ राहायचे. सहा वर्षांनी प्रमाणपत्राची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. मग त्याने एक वर्ष रात्रपाळ्या काढल्या. त्याच्या पाळीचा बॉस त्याच्याहून चार वर्षांनी धाकटा होता. दोघंही भले होते म्हणून निभावलं.

आता चार विभागांत सहा-सहा महिने, याविषयी. कागदावर ते छान दिसतं. पण सहा महिन्यांत माणसांची नावं पाठ होतात, यंत्रांच्या खोड्या कळायला लागतात, आणि तेवढ्यात तुला उचलून दुसरीकडे ठेवतात. त्यापेक्षा एकाच खाणीत आठ-दहा महिने सलग मिळाले तर जास्त पदरात पडतं. पहिले दोन-तीन महिने टोळीबरोबरच काढ: भोकं पाडणं, सुरुंग भरणाऱ्याच्या हाताखाली राहणं, फुटलेला माल उपसणं, छताला बोल्ट मारणं. यंत्र चालवायला देणार नाहीत कदाचित, तरी बघायला तर मिळेल. त्यानंतर सर्व्हेकडे जा. सर्व्हेअर खाणीच्या प्रत्येक कानाकोपऱ्यात जातो, त्याच्या मागे तिपाई वाहणाऱ्याला सहा आठवड्यांत सगळी खाण पाठ होते. नियोजनाचा संगणक सगळ्यांत शेवटी. ज्याने ड्रिलची बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, वळणावर अडकलेली कधी पाहिलेली नाही, तो संगणकावर हमखास तसलंच वळण काढतो.

छोट्या खाणीचं काय? तिथे पहिल्या दिवशी पद मिळतं, आणि जिथे पद मिळतं तिथे सहीही मागतात. ही गोष्ट तुझे सिनिअर सांगत नाहीत. तुझ्या वर त्याच विषयातला अनुभवी इंजिनिअर आहे का आणि तो रोज खाली उतरतो का, एवढं शोधून काढ. असेल तर डोळे मिटून छोटी खाण घे. असा माणूस कोणत्याही छापील योजनेला भारी पडतो. नसेल तर जाऊ नकोस. बावीस-तेविसाव्या वर्षी छताच्या आधाराच्या आराखड्यावर एकटीची सही असणं ही बढती नव्हे. शिवाय धातूचा भाव पडला की छोटी खाण आधी बंद पडते. अर्थात मोठ्या कंपन्याही त्याच दिवसांत पदवीधरांची भरती आखडतात, तेव्हा त्या बाबतीत सुरक्षित असं कुणीच नाही.

तुझ्या पत्रावरून मला वाटतं, चारांपैकी निदान दोन मुक्काम एकाच भुयारी खाणीत देत असतील तर मोठी कंपनी घे. देत नसतील तर मला पुन्हा लिही, त्या छोट्या खाणीतल्या इंजिनिअरविषयी काय कळलं ते सांग.

प्रश्न: भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करतोय. खाणीतले सिनिअर सांगतात की पहिली दोन वर्षं नुसती कोअरची नोंद करण्यात जातात. हे खरं आहे का? मग प्रशिक्षण कसलं?

खरं आहे. तेच प्रशिक्षण.

कोअर म्हणजे ड्रिलने जमिनीतून काढलेली दगडाची कांडी. ट्रेमध्ये ओळीने मांडलेली असते आणि तू मीटरमीटरने बसून लिहायचं: दगड कोणता, खनिज किती, भेगा कोणत्या कोनात. दहा सेंटिमीटरहून लांब अखंड तुकडे मोजायचे, त्यांच्या लांबीची बेरीज एकूण लांबीशी ताडायची, आणि दगड किती धड आहे त्याची टक्केवारी काढायची. हाच आकडा पुढे छत किती आधार मागेल हे ठरवायला जातो, म्हणजे तुझ्या कंटाळ्याखाली उद्या कुणीतरी उभा असणार आहे.

आणि एक जुनी गोष्ट सांगते, ती प्रत्येक भूगर्भवाल्याला तोंडपाठ असायला हवी. 1990च्या दशकात इंडोनेशियातल्या बुसांग इथे ब्रे-एक्स नावाच्या कॅनेडियन कंपनीने सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं जाहीर केलं. शेअर गगनाला भिडले. 1997 मध्ये कळलं की सोनं जमिनीत नव्हतंच, नमुन्यांत बाहेरून मिसळलेलं होतं. कोअर उभी चिरून अर्धी जपून ठेवायची ही आपली साधी रीत. तिथे मात्र पूर्ण कांडीच दळून टाकत होते, त्यामुळे फेरतपासणीला काही उरलंच नव्हतं. नमुन्यांतले सोन्याचे कण कडा झिजलेले होते, नदीच्या वाळूतल्या सोन्याचे असतात तसे. भिंगाखाली बसून कंटाळवाणं काम करणाऱ्याला हे दिसू शकलं असतं.

म्हणून तिथे गेल्यावर विचार: नमुन्यांच्या रांगेत कोरे, म्हणजे खनिज नसलेले नमुने कितव्या जागी घालतात, माहीत असलेल्या टक्केवारीचे नमुने कितव्या जागी, आणि प्रयोगशाळेचा आकडा चुकला तर कोण कुणाला फोन करतं? हे सांगता येणारा माणूस जिथे आहे तिथे दोन वर्षं खुशाल काढ. पुढे साठ्याच्या अहवालावर जबाबदार तज्ज्ञ म्हणून सही करायची तर खनिजसाठे कसे जाहीर करायचे हे सांगणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क संहितेनुसार त्या प्रकारच्या खनिजसाठ्याचा निदान पाच वर्षांचा अनुभव लागतो. ती पाच वर्षं या ट्रेंपासूनच सुरू होतात.

प्रश्न: मुलाखतीत 'खाणच का?' असं विचारतात. काय सांगावं?

"मला आव्हानं आवडतात" सोडून काहीही सांग. समोरच्याने ते वाक्य त्या सकाळी नऊ वेळा ऐकलेलं असतं. तू एकदा तरी खाणीत उतरला असशील तर तिथलं काय आठवतं ते सांग. उतरला नसशील तर सुट्टीतलं काम आधी मिळव, कारण बऱ्याच कंपन्या सुट्टीत काम केलेल्या विद्यार्थ्यांमधूनच निम्म्या जागा भरून टाकतात आणि जाहिरात उरलेल्यांसाठी असते. अर्ज रुजू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी उघडतात. परीक्षा झाल्यावर बघू म्हणणारे तिथेच हुकतात. सगळ्यात शेवटी वैद्यकीय तपासणी असते: ऐकू किती येतं, फुंकर किती जोरात मारता येते, आणि दारू व अमली पदार्थांची चाचणी. यातली शेवटची चाचणी नोकरीतही चालूच राहते, कधीही, न सांगता.

आणखी एक प्रश्न हमखास असतो: "तुम्ही कधी एखादं काम धोकादायक वाटलं म्हणून थांबवलंय का?" प्रयोगशाळेतलं असो, वसतिगृहातल्या उघड्या वायरचं असो, खरा प्रसंग सांग. बनवलेला असेल तर पुढच्या दोन उपप्रश्नांत उघडा पडशील.

प्रश्न: आमची मुलगी अशा योजनेत निवडली गेली आहे. ती फार आनंदात आहे आणि मला झोप नाही. तुम्ही एक बाई म्हणून खरं सांगा, पाठवू का?

तुम्ही 'खरं सांगा' लिहिलंत म्हणून गोड बोलत नाही.

खाणीत धोका आहे. पण ज्या धोक्याची तुम्हाला भीती वाटतेय, छत कोसळण्याची, त्यावर चांगल्या खाणीत सगळ्यांचे डोळे असतात. तिला खाली नेण्याआधी दिवसचे दिवस वर्गात बसवतील. कमरेच्या डब्यातला श्वासयंत्राचा संच अंधारात, डोळे मिटून लावायला शिकवतील. खाली जाताना स्वतःच्या नावाचा बिल्ला फळ्यावर लावायचा, वर आल्यावर स्वतःच काढायचा, हे अंगवळणी पडेपर्यंत सोडणार नाहीत. मला जास्त काळजी वाटते ती हळू चालणाऱ्या गोष्टींची: सिलिकाची धूळ, आवाज, डिझेलचा धूर. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरवलं. तिला सांगा, मास्क चेहऱ्याला नीट बसतो का याची चाचणी मागून घे. तो पुरुषी चेहऱ्याच्या मापाचा असू शकतो, माझ्या बुटांसारखा.

दुसरं म्हणजे पाळ्यांचं गणित. पश्चिम ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी विमानाने खाणीवर नेतात, आठ दिवस काम आणि सहा दिवस घरी, किंवा दोन आठवडे काम आणि एक आठवडा घरी, रोज बारा तास. सलग रात्रपाळ्या संपवून स्वतः गाडी चालवत घरी निघणारी तरुण मुलं मी पाहिलीत, आणि भुयारातल्या कशाहीपेक्षा मला त्या रस्त्याची भीती वाटायची. शेवटच्या रात्रपाळीनंतर आधी झोपायचं, मग निघायचं, एवढं वचन तिच्याकडून घ्या.

आणि बाई म्हणून. 1935 साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बायकांना भुयारी खाणीत कामाला लावायचं नाही असा ठरावच केला होता. पुढे अनेक देश त्यातून बाहेर पडले, पण सवयी कायद्याहून सावकाश बदलतात. 2022 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळ समितीने खाणींच्या वसाहतींमधल्या लैंगिक छळाचा अहवाल दिला, तो वाचून मला धक्का बसला नाही, आणि न बसल्याचंच वाईट वाटलं. तिने रुजू होण्याआधी विचारावं: राहायच्या खोलीचं कुलूप कसं आहे, रात्री वाटेवर दिवे आहेत का, तक्रार थेट बॉसखेरीज कुणाकडे करता येते, भुयारात बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस अडखळला तर तिथे बायका किती आहेत हे आपोआप कळतं.

पाठवा. ती तशीही जाणारच आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतंय. तुमचा फोन मात्र तिच्या झोपेच्या वेळी जाऊ देऊ नका. पाळीचं वेळापत्रक मागून घ्या आणि भिंतीवर लावा.

प्रश्न: मी इलेक्ट्रिकलचा आहे. खाणीची पदवी नसताना या योजनांत जागा असते का? आणि ट्रक जर आपोआप चालायला लागलेत तर दहा वर्षांनी माणसं लागतील का?

जागा असते, मुबलक. यंत्र, वीज, धातुशास्त्र, रसायन, पर्यावरण, सर्व्हे, आता संगणकवालेही. खाणीच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीकडे जाणारी वाट तुझ्यासाठी अवघड असेल, पण विजेच्या विभागाला कायद्याने स्वतःचा जबाबदार अधिकारी लागतो, ती वाट तुझी.

ट्रकांचं म्हणशील तर ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात रिओ टिंटोने 2008 पासून चालकाविना ट्रक चालवून पाहायला सुरुवात केली, आणि तिथल्या खाणींवर साधारण 1500 किलोमीटरवरच्या पर्थमधून नजर ठेवतात. चालकांची कामं घटली हे खरंच आहे. पण त्या ट्रकचा सेन्सर धुळीने आंधळा झाला की कुणीतरी तिथे जाऊन फडकं मारावं लागतं, आणि का आंधळा झाला हे शोधावं लागतं, ते तुझं काम. भुयारात तर अजूनच. वीज तोडून, स्वतःचं कुलूप लावून, स्वतःची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून मगच यंत्राला हात लावायचा, ही एकच सवय तू प्रशिक्षणात पक्की केलीस तरी पुष्कळ झालं.

प्रश्न: मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी. खाण कंपनीच्या योजनेत अर्ज केला म्हणून मैत्रिणी मला गद्दार म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

मैत्रिणींच्या हातातल्या फोनमध्ये तांबं कुठून आलं हे विचारायचा मोह होतो, पण ते उत्तर फार स्वस्त आहे. त्यांचा राग निराधार नाही. मे 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जुकान घळीतले, 46,000 वर्षांपूर्वीपासूनच्या माणसाच्या वस्तीच्या खुणा असलेले शैलाश्रय लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवले गेले, आणि ते कायद्याच्या परवानगीने झालं. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथे 25 जानेवारी 2019 रोजी खाणीच्या गाळाचं, म्हणजे खनिज काढून उरलेला ओला चुरा अडवणारं धरण फुटलं, 270 माणसं गेली. खाणीचं ऑफिस आणि जेवणघर धरणाच्या खालच्या अंगाला होतं. धरण स्थिर असल्याचा सही केलेला दाखला त्याआधी काही महिनेच निघालेला होता.

मला वाटतं, असल्या धरणाच्या पोटातल्या पाण्याची पातळी रोज वाचणारी माणसं आत हवीत, आणि त्यांना पगार देणाऱ्याला नको असलेला आकडाही त्यांनी लिहायला हवा. तुझ्यात ते आहे का, हे मला पत्रावरून कळत नाही. मुलाखतीत विचार, गाळाच्या धरणाची मोजमापं कोण घेतं आणि मला त्यांच्याबरोबर पाठवाल का. झाडं लावतानाचे फोटो काढायला घेत असतील तर मैत्रिणी बरोबर आहेत.

प्रश्न: ताई, मी पाच महिन्यांपासून एका भुयारी खाणीत पदवीधर प्रशिक्षणार्थी आहे. कुणी काम देत नाही. बॉस म्हणतो, 'जरा बघून ठेव.' टोळीतली माणसं 'साहेब आले' म्हणून हसतात. दिवसभर जुन्या तक्त्यांमध्ये आकडे भरतो. माझं काही चुकतंय का?

तुझ्या पत्राला सगळ्यांत मोठं उत्तर देणार आहे, कारण त्यात मी मलाच पाहिलं.

हसणं आधी सोडवू. टोळीला तुझी पदवी खुपत नाही, तू पुढच्या महिन्यात असशील की नसशील हे माहीत नसतं ते खुपतं. त्यांनी तुझ्यासारखे बारा पाहिलेत. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या माणसाबरोबर एक पूर्ण पाळी काढ, सुरुवातीच्या बैठकीपासून अंघोळीपर्यंत. मध्येच वर पळू नकोस. त्याला छत ठोकून दाखवायला सांग. पहार छतावर मारली की धड दगड खणखणीत वाजतो आणि सुटलेला दगड बदबद, मडकं वाजवून घ्यावं तसं. हा फरक पुस्तकात लिहिता येत नाही आणि त्या माणसाला तो कुणी विचारत नाही. तू विचारलंस की 'साहेब' बंद होईल.

आता काम. 'जरा बघून ठेव' या वाक्याचा अर्थ बॉसकडे वेळ नाही, एवढाच असतो. त्याच्याकडे रिकाम्या हाताने काम मागायला जाऊ नकोस. एखादी लहान मोजणी स्वतःच्या अंगावर घे आणि निकाल घेऊन जा. मी हवा मोजायला घेतली. का, तर दुसऱ्या कुणाला नको होती.

आणि तिथे माझं जे झालं ते सांगते. भुयारातली हवा मोजायची तर वाऱ्याचा वेग घ्यायचा, त्याला बोगद्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणायचं, की सेकंदाला किती घनमीटर हवा जाते ते मिळतं. शाळकरी गणित. मी वेगमापक हातात धरून उभी राहिले, आकडा लिहिला, क्षेत्रफळ नकाशावरून घेतलं आणि अहवाल दिला: हवा पुरेशी आहे. त्या फेसवरच्या माणसांनी दोन पाळ्या उकाड्यात आणि धुरात काढल्या. कुणी कुरकुरलं की वरून उत्तर जायचं, आकडा तर बरोबर आहे. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा फोरमन माझ्याबरोबर आला. धुराची छोटी नळी फोडून त्याने धूर सोडला. तो छताशी जरा हलला आणि माझ्या खांद्याशी येऊन घुटमळला. मी वेगमापक स्वतःच्या अंगासमोर धरला होता. हात लांब करून पूर्ण छेदभर फिरवायचा असतो, माझ्या तर अंगानेच हवा वळवली होती. शिवाय बोगद्याच्या भिंतींवर मधल्या काळात सिमेंटचा जाड थर फवारला होता, तो नकाशात नव्हता. खरी हवा मी लिहिलेल्याच्या पाऊणपटही नव्हती.

मी वर जाऊन बॉसला सांगितलं की अहवाल चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. त्याने आरडाओरडा केला नाही. टेबलाच्या खणातून मोजपट्टी काढून दिली. त्या दिवसापासून मला कामं मिळायला लागली. का, हे मला पुष्कळ वर्षांनी, स्वतः प्रशिक्षणार्थी सांभाळायला लागल्यावर कळलं. चुका सगळेच करतात. कुणाची चूक आपल्याला त्याच्याच तोंडून कळेल, हे एकदा माहीत झालं की त्या पोरावर काम टाकता येतं.

आता तुझ्या तक्त्यांविषयी. तू ते आकडे नुसते भरतोयस की वाचतोयस? न्यूझीलंडमधल्या पाइक रिव्हर कोळसा खाणीत 19 नोव्हेंबर 2010 रोजी मिथेनचा स्फोट झाला, 29 माणसं गेली. चौकशी आयोगाला आढळलं की स्फोटाआधीच्या 48 दिवसांत मिथेन स्फोटक प्रमाणात पोहोचल्याच्या 21 नोंदी झालेल्या होत्या, आणि त्याहून कमी पण धोकादायक प्रमाणाच्या आणखी 27. हवेत मिथेन साधारण पाच ते पंधरा टक्के असला की पेट घेतो, हे खाणीतल्या शेवटच्या माणसाला ठाऊक असतं. नोंदी होत होत्या. पाळीच्या शेवटी कागद भरले जात होते, कुठेतरी ठेवले जात होते. ते सगळे शेजारी शेजारी मांडून पाहणारं आणि ज्याच्या हातात खाण थांबवायची सत्ता आहे त्याच्या टेबलावर आपटणारं कुणी नव्हतं.

तुझ्याकडे पाच महिन्यांचे आकडे आहेत आणि वेळही आहे, जो तुझ्या बॉसकडे नाही. कशाचे आहेत हे तू लिहिलं नाहीस. पंपाचे असोत, बोल्टच्या ओढ-चाचणीचे असोत, हवेचे असोत, ते तारखेवार कागदावर मांड. कुठे रेघ चढतेय का बघ. चढत असेल तर आकडा आला त्या जागी स्वतः जा, मोजपट्टी घेऊन. मग बॉसकडे एक पान घेऊन जा, एकच. त्यावर काय दिसलं, तू स्वतः काय मोजलंस आणि काय कळत नाही, एवढंच असू दे. उपाय लिहू नकोस. पाच महिन्यांच्या पोराने सुचवलेला उपाय पाहिला की माणूस आकडा बघायचा सोडून उपायावर वाद घालतो.

याउपर आणखी तीन महिने तसेच गेले तर योजनेच्या समन्वयकाकडे विभाग बदलून माग. त्यात लाज नाही. फक्त तोपर्यंतच्या पाळ्यांच्या नोंदींवर सह्या घेऊन ठेव, पुढे प्रमाणपत्रासाठी तोच पुरावा. बॉस बदलून गेल्यावर जुन्या सह्या मिळवणं म्हणजे आलेल्या पुराला मागे जा म्हणण्यासारखं आहे.

प्रश्न: तुम्ही दरवेळी 'वही ठेवा' म्हणता. ताई, नेमकी कोणती? फोनमध्ये चालणार नाही का?

साधा फोन कोळशाच्या गॅसवाल्या भुयारात नेताच येत नाही, ठिणगीचा धोका म्हणून. बाकी खाणींतही ओल्या हातमोज्याने तो उघडत नाही. छातीच्या खिशात मावेल एवढी, पक्क्या पुठ्ठ्याची, शिवलेली वही घे. तारेची नको, तार जाळीदार कपड्यात अडकते. पानांना आधीच क्रमांक घालून ठेव म्हणजे पान फाडल्याचा आळ येणार नाही. तारीख, पाळी, जागा, कोणाबरोबर, काय पाहिलं, काय मोजलं. आणि पेन्सिल, दोन, एक दोरीने वहीलाच बांधलेली. बॉलपेन ओल्या कागदावर उठत नाही, आणि शाईचं काय होतं ते माझ्या पहिल्या वहीची निळी झालेली चाळीस पानं सांगतील.